चौथा रहाट

आमचे भाऊ, म्हणजे माझे सासरे, तिसऱ्यांदा विधानसभेवर निवडून आले त्याला महिना होऊन गेला, तरी त्यांचा चष्मा कुठे आहे हे घरात फक्त मला ठाऊक असतं. चष्मा, टोपी, तपकिरीची डबी आणि भाषण. भाषणं मी लिहिते, सभागृहात विचारायचे प्रश्न मी लिहिते, दारात येणाऱ्यांचे अर्जही मीच लिहिते. मला बघायला आले तेव्हा भाऊंनी एकच विचारलं होतं, "अक्षर कसं आहे?" मला वाटलं, केवढे सुधारक! वासंती, तुझं नशीब उघडलं!

आता नीला आठ महिन्यांची आहे. ती झोपली की मी लिहायला बसते, आणि मी बसले की ती उठते.

भाऊंनी भोगलं नाही असं नाही. देवळांसाठी आणि पाणवठ्यांसाठी त्यांनी मार खाल्ला, बेचाळीस साली दीड वर्ष तुरुंगात काढलं. सत्तेचाळीसच्या अक्षय्य तृतीयेला घोडबंदर रोडवरच्या वेळुखार गावची विहीर त्यांनी सगळ्यांना खुली केली. त्या दिवशी कपाळावर बसलेल्या दगडाची खूण नीला रोज बोटाने चाचपते, आणि भाऊ डोळे मिटून तिला चाचपू देतात. त्या वेळी त्यांच्यावर कोणी कसं रागवावं?

पण मी रागावते.

दर अक्षय्य तृतीयेला भाऊ वेळुखारला जातात. मंडप असतो, हार असतो, भाषण होतं. मग, पूर्वी विहीर बंद असलेल्या वस्तीतली तुळसा पाणी काढते आणि ते पितात. सत्तेचाळीस साली पहिला पोहरा तिनेच सोडला होता, चौदा वर्षांची असताना. पाणी पिऊन भाऊ घरी येतात आणि मला निवेदन सांगतात, 'विहीर सर्वांस खुली आहे.' मी लिहिते, ते सही करतात आणि कागद कचेरीत जातो. गेल्या वर्षी मला सहावा महिना होता, डोकं उचलवत नव्हतं. तरी तोही मीच लिहिला.

या मंगळवारी तुळसा आम्ही राहतो त्या खोपटला येऊन दारात उभी. कडेवर पोर, हातात कागद.

"वैनी, वाचा."

कचेरीचं उत्तर होतं. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, असा तिचा अर्ज पौषात मीच लिहून दिला होता. त्यावर साहेबांनी लिहिलं होतं, 'सदर विहीर सर्वांस खुली असल्याबाबत माननीय आमदारांचे स्वाक्षरीचे निवेदन दप्तरी आहे. सबब तक्रारीत तथ्य नाही.'

मी ते दोनदा वाचलं. अर्ज माझ्या हातचा आणि निवेदनही माझ्याच हातचं. एकाच टाकाने मी तिला दार उघडून दिलं होतं आणि लावूनही घेतलं होतं.

"अडवतात तरी कसे गं? कायदा आहे ना?"

"अडवत कुनी नाय. रहाट चार हायत ना! तीन गावाचे, चौथा आमचा. त्याच्याखाली कातळ हाय. होळी झाली की पानी खाली जातं, पोहरा नुसता वाजतो. दुसऱ्या रहाटाला हात लावला तर माझ्या नवऱ्याचं, भिवाचं, मिठाच्या आगरावरचं काम जातं. मग मी खाडीकडच्या झिऱ्यावर जाते. पानी मचूळ."

"पण भाऊंना तर तू पहिल्या रहाटावरून—"

"तो येक दिवस! पाटील सोता दोरी देतो हातात. दुसऱ्या दिवशी दोरी त्याची, कातळ माझा." तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "भाऊंना सांगा, यंदा पानी पियाला येऊ नका. ते पितात आनि माझा अर्ज मरतो."

तिचं पोर नीलापेक्षा आठ दिवसांनी मोठं. उचलून बघितलं तर रिकाम्या तांब्यासारखं हलकं.

मी भाऊंना चार वेळा सांगितलं. पहिल्यांदा चहाच्या वेळी. "बघतो," म्हणाले. दुसऱ्यांदा दाढी करताना. साबण तोंडावर होता, म्हणून हुंकार आला. तिसऱ्यांदा जेवताना.

"अगं, मी स्वतः पाहतो ना दरवर्षी! तुळसाच काढते पाणी."

"त्या एका दिवशी काढते. तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन बघा."

"दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक आहे. वासंती, माणसाचं मन बदलायला वेळ लागतो."

"दहा वर्षं?"

"बरं, अधिवेशनात प्रश्न टाकू. घे लिहून."

"मागच्या प्रश्नाला काय उत्तर आलं होतं? 'अ: नाही. ब: प्रश्न उद्भवत नाही.'"

"आपल्या घरात तरी उद्भवू देऊ नका," सुधीर वर्तमानपत्राआडून म्हणाला. "मला ऑफिस आहे." माझा नवरा! वडिलांचा मुलगा शोभतो.

चौथ्यांदा सांगायला गेले तर भाऊ नीलाला पाठुंगळीला घेऊन घोडा झाले होते. "ऐकलं गं, ऐकलं," म्हणाले घोडा असतानाच.

अक्षय्य तृतीयेला मी म्हटलं, मीही येते. भाऊंना केवढा आनंद! एस.टी.त सगळ्यांना सांगत होते, "नातीला विहीर दाखवायला नेतोय." नीलाच्या दुपट्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एक भाषण. दुसरी तुळसाच्या अर्जाची नक्कल, माझ्याजवळ ठेवलेली. का घेतली होती, ते तोवर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं.

मंडपात विश्राम पाटलांनी हार घातला. तुळसा पहिल्या रहाटाजवळ उभी होती, धुतलेल्या लुगड्यात. पाटलांनीच तिथे उभी केली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. तिला वाटलं, मी सांगितलंच नाही.

भाऊ बोलायला उठले आणि सवयीने माझ्याकडे न बघता हात मागे केला. "सूनबाईचं अक्षर," ते लोकांना म्हणाले, "आधी बघावं लागत नाही."

मी पिशवीत हात घातला. दुसरा कागद दिला.

"'मी, तुळसा भिवा,'" भाऊंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'राहणार वेळुखार, वय वर्षे चोवीस, अर्ज करिते की—'"

लोक हसले. त्यांना वाटलं, भाऊंची काही तरी गंमत आहे. भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नीलाच्या झबल्याचा बंद बांधू लागले. तो बांधलेलाच होता. आता कागद खिशात घालतील, तोंडपाठ भाषण करतील, पाणी पितील.

भाऊंनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला. आणि वाचलं. सगळं वाचलं, आवाज न चढवता. चौथा रहाट, कातळ, झिरा, मचूळ पाणी, मुलाचं वय. शेवटी "निशाणी अंगठा, डाव्या हाताचा" हेही वाचलं.

"भाऊ, हे असं नाय," विश्राम पाटील तांब्या घेऊन उठले. "सनाचा दिस हाय. ही बघा, पहिल्याच रहाटावर उभी हाय ना ती?"

"उद्या कुठे असेल, विश्राम?"

तुळसाने हातातली दोरी सोडली, विहिरीला वळसा घालून पलीकडे गेली, आणि आपला पोहरा चौथ्या रहाटावरून खाली सोडला. तो कातळावर वाजला. तिने वर ओढला, पुन्हा सोडला. पुन्हा वाजला. मंडपात सगळ्यांना ऐकू येत होतं.

पाटलांनी तांब्या पुढे केला. वैशाखाचं ऊन होतं, भाऊंचे ओठ सुकले होते.

"नको," भाऊ म्हणाले.

परतताना एस.टी.त भाऊ खोपट जवळ येईपर्यंत बाहेर बघत बसले. मग एकदम वळले.

"मला आधी सांगायचं होतंस."

"चार वेळा सांगितलं."

"मग ऐकायला लावायचं होतंस."

"लावलं ना."

नीलाने त्यांच्या कपाळाकडे हात नेला तेव्हा त्यांनी तो धरला आणि खाली ठेवला. माझा सगळा राग तिथे पातळ झाला, आणि याचाही मला राग आला.

घरी आल्यावर हातपाय न धुताच म्हणाले, "घे लिहून. माझं गेल्या वर्षीचं निवेदन मी परत घेतो. तुळसाच्या अर्जाची चौकशी पुन्हा व्हावी. मी दहा वर्षे..." ते अडले. "अनवधानाने, असं लिही."

मी नीलाला पाजत होते. दुसऱ्या मांडीवर पाट, पाटावर कागद. मी लिहिलं, 'मी दहा वर्षे चुकीचे सांगत आलो.'

कागद पुढे सरकवला आणि टाक दिला. एरवी ते इथेच सही करतात.

"चष्मा कुठे आहे माझा?"

"कपाळावर."

भाऊंनी चष्मा खाली ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बोट शब्दाशब्दावर ठेवत. 'चुकीचे'पाशी बोट थांबलं. मी नीलाकडे बघत राहिले.

"अक्षर बिघडलंय तुझं," ते म्हणाले.

"मांडीवर तुमची नात आहे."

त्यांनी सही केली. मग कागद माझ्याकडे न देता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला, आणि विचारलं, "उद्या सकाळी वेळुखारची पहिली एस.टी. कितीला आहे गं?"

"उद्या मुंबईत बैठक आहे ना?"

"तुला वेळ विचारली."