औशाला जायचं राहिलं

औसा म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. लातूरच्या गोलाई बाजारातून निघालं की अर्ध्या तासात माणूस औशाच्या किल्ल्यापाशी उतरतो. तरी सिद्धलिंगला तिथं पोचायला श्रावणाचा चैत्र उजाडला.

त्याला आळशी म्हणावं तर तेही खोटं. गोलाईत त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि ते आसपासच्या सगळ्या दुकानांच्या आधी उघडायचं. त्याची खोड निराळी होती. नको असलेलं काम पुढ्यात आलं की तो दुसरं एखादं काम उकरून काढायचा आणि ते इतकं जीव तोडून करायचा की त्याला कामचुकार म्हणायची कुणाची छाती होत नसे. गळक्या नळाला प्लंबर बोलवायचा असला की हा गल्ल्यातल्या जुन्या पावत्या लावायला बसणार. डॉक्टरकडं जायचं असलं की अख्खी मांडणी खाली उतरवून पातेलं न पातेलं पुसणार. आणि वर म्हणणार, "जाऊ की सावकाश." लोक हसायचे, तोही हसायचा. नळ गळत राहिला म्हणून कुणाचं घर बुडत नाही.

औशात त्याचा दोस्त जहांगीर राहायचा. दोघं लातूरच्या आयटीआयला एका बाकावर बसलेले. सिद्धलिंग पुढं बापाच्या दुकानात बसला आणि जहांगीरनं औशात घराच्या पुढच्या खोलीत पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळून द्यायची. सिद्धलिंगला सख्खा भाऊ नव्हता, आणि ती उणीव त्याला कधी जाणवली नाही ती जहांगीरमुळं. सिद्धलिंगचे वडील गेले तेव्हा मातीला नातेवाइकांच्या आधी जहांगीर पोचला होता आणि पाच दिवस हलला नव्हता.

जहांगीरची बायको बानो. तोंडानं फटकळ, मनानं उदार. सिद्धलिंगच्या घरी लिंगायतांचं कडक शाकाहारी, म्हणून ईदेला ती त्याच्यासाठी वेगळा तवा, वेगळी पातेली ठेवायची. त्याची खोड तिनं पहिल्याच वर्षी ओळखली होती. हा फोनवर "निघालो, भाभी" म्हणाला की ती जहांगीरला सांगायची, "अंघोळीला गेले म्हनून समजा, भात आत्ताच नका टाकायला लावू." ही बानो श्रावणात एका सकाळी चहा करता करता कोसळली आणि गेली.

फोन आला तेव्हा सिद्धलिंग दुकानात होता. दुपारच्या नमाजनंतर माती. समोर देवणीकडचं गिऱ्हाईक उभं होतं, गावच्या भंडाऱ्यासाठी ताटं-वाट्या घ्यायला आलेलं. "एवढं गिऱ्हाईक काढतो अन् निघतो," तो जगदेवीला, म्हणजे बायकोला, फोनवर म्हणाला. मग त्यानं ती ताटं मोजली, पुन्हा मोजली, प्रत्येक ताटावर मशीननं देवस्थानाचं नाव घातलं. एरवी हे काम तो नोकराला सांगायचा. हात चालू होते आणि घड्याळाकडं बघायचं नाही असं त्यानं जणू ठरवलंच होतं. शेवटी बघितलं तेव्हा माती होऊन गेलेली असणार होती. त्याला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. बानोचं तोंड झाकलेलं बघण्याची त्याची तयारी नव्हती. जहांगीरसमोर जाऊन काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं. आता उद्या सावकाश जहांगीरच्या घरीच जाऊ, असं त्यानं ठरवलं.

उद्याचा दिवस सोमवारचा निघाला.

"आवो, जाऊन या की," जगदेवी म्हणाली.

"श्रावणी सोमवारी कुनी दुखवट्याला जातंय का?"

"त्यांच्यात कुठं सोमवार पाळतेत?"

"आपल्यात पाळतेत ना. जानारे आपन हाव."

मग अमावास्या आली. मग गणपती बसले, आणि घरात गणपती असताना दुखवट्याला जाऊन आलेलं चालत नाही. पितृपक्षात जायला हरकत नव्हती, पण दसरा-दिवाळीचा माल नेमका तेव्हाच येतो. दिवाळीत कुणाच्या दारात रडका चेहरा घेऊन कसं जायचं? आपले सण संपले तेव्हा यानं त्यांचे वार काढले. "शुक्रवारी त्यांची नमाज असती." जगदेवी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता त्यांचं पाळायलाव व्हय? बरं हाय." नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात. याला दोन्ही धर्मांची अंगणं वाकडी सापडली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर जहांगीरचं नाव आलं. दुकानात गर्दी होती, पण फोन घेता आला नसता इतकी नव्हती. सिद्धलिंग त्या नावाकडं बघत राहिला आणि वाजून वाजून फोन थांबला. नंतर सावकाश करू. तो नंतर काही आला नाही, आणि जहांगीरचा फोनही पुन्हा आला नाही. सुरुवातीला जायचं नव्हतं ते दुःखापोटी. आता शरमेची भर पडली. आठ दिवस उशिरा गेलेल्या माणसाला सबब सांगता येते, आठ महिने उशिरा जाणाऱ्यानं काय सांगावं? दिवस जाईल तसं जाणं जड होत गेलं आणि घोंगडं भिजत पडलं.

मंजुश्रीचं लग्न ठरलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. त्याची एकुलती एक पोर, वैशाखातली तारीख, पत्रिका छापून आल्या. आता सुखाला आवतन लागतं आणि दुःखाला आवतन लागत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण त्याच्या पुढची गोष्ट अशी, की ज्याच्या दुःखाला आपण गेलो नाही त्याच्या दारात सुखाचं आवतन घेऊन उभं राहता येत नाही.

"जहांगीरभावजी न्हाईत तर मांडवात तुमच्याकडून कोन उभारनार?" जगदेवीनं विचारलं. "आदी दुखवट्याला जाऊन या. आज निस्तं तेवढंच. पत्रिका घेऊन पुना दोघं जाऊ."

"रमजान चालू हाय. उपाशी मानसाला..."

"ईद होऊन गेली. कालच."

सिद्धलिंगनं पायात चपला सरकवल्या. तो औशाच्या गाडीत बसला.  दोस्ताच्या घरी जायला आपल्याला भीती वाटावी याची त्याला किळस आली.

जहांगीर दुकानात खाली बसून मोटार भरत होता. दाढी पांढरी झाली होती, खांदे उतरले होते. त्यानं मान वर केली, बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आ. बैठ." बस्स, एवढंच. सिद्धलिंग बसला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यासारखं त्यानं विचारलं, "तारंचा भाव काय चाललाय आता?" जहांगीरनं तोही सांगितला.

आतून हुस्ना चहा घेऊन आली. जहांगीरची ही एकच मुलगी, नांदेडला दिलेली, ईदेसाठी माहेरी आलेली. सिद्धलिंगला बघून तिचे डोळे भरले.

"चाचा, उस दिन तुम सीधे कबरस्तान आये ना. मिट्टी देके वैसेइच चले गये, अब्बा बोले. घर तक आये रहते तो कम से कम पानी तो पीते."

 सिद्धलिंगनं जहांगीरकडं बघितलं. जहांगीर तार गुंडाळत होता आणि त्यानं मान वर केली नाही.

तेवढ्यात बाहेर कुणी शेतकरी मोटार घेऊन आला आणि जहांगीर उठून रस्त्यावर गेला. हुस्ना जवळ सरकली, आवाज खाली करून बोलू लागली.

"चाचा, एक बात पूछूँ? अम्मी की जगा कैसी है? हम औरतां जाते नहीं ना उधर. अब्बा को पूछे तो मोटर खोल के बैठ जाते. तुम तो देखे. साया है क्या वहाँ? अम्मी को धूप सहन नहीं होती थी."

खरं सांगायचं असतं तर ती वेळ होती. सिद्धलिंगला ते कळतही होतं. पण पोर अशी बघत होती की जणू तिच्या आईची बातमी त्या एका माणसाकडंच असावी. त्यानं खरं बोलणंसुद्धा पुढं ढकललं.

"हाय ना बेटा," तो म्हणाला. "साया हाय."

हुस्नानं पदरानं डोळे पुसले, हसली आणि रिकामा कप घेऊन आत गेली. सिद्धलिंगला आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जहांगीर परत येऊन बसला. सिद्धलिंग म्हणाला, "जहांगीर, माझं चुकलं. मी..."

"नक्को," जहांगीरनं हात वर केला. तो सिद्धलिंगशी नेहमीच अर्धं मराठीत आणि अर्धं त्याच्या दखनीत बोलायचा. "माफी-बिफी नक्को. घरात समद्यांना मी सांगून बसलो, तू आलतास म्हनून. आता तू हितं रडलास तर पोरीला कळंल."

"कशाला सांगितलास तसं?"

"लोग पूछे, सिद्धू नहीं आया क्या? पहिल्या दिवशी म्हनलो, कल आता. दुसऱ्या दिवशी म्हनलो, दुकान हाय त्याचं. तिसऱ्या दिवशी लोकायचं तोंड बघवंना. तुला कुनी नाव ठेवावं, ते बी माझ्या दारात बसून? मग म्हनलो, आया था, मिट्टी देके गया." तो थांबला. "झूठ बोल्या मैं, मय्यत के घर में."

 रडायला म्हणून आलेला माणूस, आणि त्या घरात त्याच्या वाटणीचं रडणं कधीच होऊन गेलेलं होतं.

"मला तिच्याकडं घेऊन चल," सिद्धलिंग म्हणाला.

जहांगीरचे हात थांबले. मग त्यानं पुन्हा तार उचलली. "आज ही मोटार द्यायची हाय. बघू, परवा-तेरवा. जाऊ सावकाश."

सिद्धलिंग त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, रोजचा त्याच्या स्वतःच्याच घशातला. तो उठला, जहांगीरच्या हातातून तार काढून घेतली आणि म्हणाला, "ऊठ. आत्ता."

दोघं चालत निघाले. ऊन तापलं होतं. गावाबाहेरच्या वळणाशी जहांगीर रस्त्याकडं बघतच बोलला.

"त्या दिवसानंतर मी गेलोच न्हाई रे. सिद्धू आला की दोघं जाऊ म्हनलो, दगड बसवू तिचा. अकेले के पाँव नहीं उठे. दिवाळीला तुला फोन लावला ते त्याच्यासाठीच. मग वाटलं, येईल आज न् उद्या. शब-ए-बारातला आपापल्या मानसायच्या कबरीपाशी सारा गाव तिकडं, अन् मी दुकानात मोटार भरत बसलो."

 तो फोन सिद्धलिंगच्या हातात वाजून थांबला होता, हे सांगायला त्याला तोंड नव्हतं.

कबरस्तानाच्या मागच्या अंगाला पावसात उगवलेलं गवत आता वाळून पिवळं पडलं होतं. जहांगीर एका जागी जाऊन थांबला, चार पावलं पुढं गेला, परत फिरला. भिंतीकडं बघितलं, कोपऱ्यातल्या बाभळीकडं बघितलं. त्याच्या समोर मातीचे दोन उंचवटे होते, शेजारी शेजारी, पावसानं सारखेच खचलेले. दगड दोन्हींवर नव्हता.

"दुसरी शेख मास्तरच्या आईची," तो म्हणाला. "त्याच आठवड्यातली. तवा उजवीकडं हीच एक होती. का डावीकडं..." त्याचा आवाज बारीक झाला. "कुनाला विचारू आता? मरद होके पूछता, बोलते. बायकोची कबर म्हाईत न्हाई म्हनतील."

सिद्धलिंगला सगळं एकदम कळलं. तो एकटा उशीर करत नव्हता. त्याच्या प्रत्येक उद्यापायी हा माणूसही दुकानात खिळून राहिला होता, आणि दोघांच्या उशिरात बानोची जागा हरवली होती. तिनं दोघांनाही शिव्या घातल्या असत्या.

जहांगीरनं डोक्यावर रुमाल टाकला, हात पसरले आणि एका कबरीपाशी फातिहा वाचला. मग दुसरीपाशी जाऊन तोच पुन्हा वाचला. सिद्धलिंगला तिथं रडू फुटलं, आठ महिन्यांचं, अंग हलवून टाकणारं. कोणत्या कबरीकडं तोंड करून रडावं हे मात्र त्याला कळेना. जहांगीर दोन्हींच्या मधल्या जागेत खाली बसला आणि थोडा सरकून त्यानं सिद्धलिंगला शेजारी जागा करून दिली.