भरल्या पोटी

साहेबरावचं यकृत पार कामातून गेलं होतं. थोरली बहीण सरूबाई आपल्या यकृताचा तुकडा द्यायला देवगाव रंगारीहून पुंडलिकनगरात त्याच्या घरी येऊन राहिली होती. तिचं यकृत मऊ निघालं तर भाऊ वाचणार होता; दुसरं कुणी जुळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर मृण्मयींनी तिच्या बरगड्यांवर यंत्राची दांडी टेकवली. सुई नाही, काप नाही. यंत्र वरूनच टिचक्या मारल्यासारखे ठोके देतं आणि यकृत किती कडक आहे ते सांगतं. डॉक्टरांनी आकडा पाहिला. यकृत कडक दिसतंय, असं चाललं तर घेता येणार नाही, म्हणाल्या. सकाळपासून काही खाल्लं का, ते पुन्हा विचारलं. सरूबाईनं नकारार्थी मान हलवली.

साहेबरावची बायको मोनिका कोपऱ्यात उभी होती. सकाळी तिनंच नणंदेला जेवू घातलं होतं. त्या वर्षी दुष्काळ होता; तरी वस्तीत रोज नवी इमारत उठत होती आणि बोअर आटत चालले होते. टँकरवर भांडून आणलेल्या पाण्यात तिनं वरण शिजवलं, पोळीवर तूप सोडलं. उपाशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आपल्या नवऱ्यासाठी पोट चिरून घ्यायला निघालेल्या माहेरवाशिणीला कोरड्या तोंडानं घराबाहेर कोण काढतं? रक्त थोडंच काढणार आहेत, वरून तर बघणार, असं म्हणून तिनं आग्रह केला. शहाणपणा कसला, दीडशहाणपणा.

सरूबाईचा नवरा पुंजाराम दाराशी उभा होता; तिनं यकृत देण्यावर तो पहिल्यापासून नाराज होता. त्यानं लगेच पिशवी उचलली. "चला. देवानंच सांगितलं," तो म्हणाला.

आता बोललं तर नणंद नवऱ्यासमोर खोटी पडणार होती. न बोललं तर साहेबराव हातचा जाणार होता.

"डॉक्टर, ताई जेवल्यात," मोनिका म्हणाली. "मीच वाढलं."

डॉक्टर चांगल्याच चिडल्या. जेवल्यावर यकृतात रक्त वाढतं आणि ते उगाच कडक दिसतं, म्हणाल्या. तीन तास पाण्याचा घोटही न घेता थांबा, मग पुन्हा बघू. पुंजाराम तोंड फिरवून बाहेर निघून गेला.

बाकावर बसल्यावर मोनिकानं माफी मागितली. माझ्यासाठी खोटं बोललात ना, असं तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी नाय गं," सरूबाई खाली बघत म्हणाली. "मला लई भ्या वाटतं. आकडा वंगाळ आला, तवा वाटलं, सुटले."

जा ताई, जबरदस्ती नाही, एवढंच मोनिकाला म्हणायचं होतं. साहेबरावचे पिवळे डोळे आठवले आणि ते शब्द काही बाहेर पडेनात. तिला स्वतःची लाज वाटली.

हाक आली तेव्हा सरूबाई आपणहून उठली आणि पुन्हा आडवी झाली. ठोके सुरू झाले तसे तिनं डोळे गच्च मिटले. या वेळी आकडा अगदी चांगला आला. नको वाटत असेल तर अजूनही थांबता येतं, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. नाही, देणारच, अशी सरूबाईनं मान हलवली आणि पदर नीट केला. मोनिका रडत होती.

"सायबाला सांग, जुळलं म्हणून," सरूबाई म्हणाली. "भ्याले व्हते, ते नको सांगू."