खांद्यावरच्या दोन रेघा

मी दोन तिरक्या रेघांची खूण बोलतेय. जपानी अक्षराच्या उजव्या खांद्यावर मी बसते. मी बसले की ‘क’चा ‘ग’ होतो, उठले की पुन्हा ‘क’. तुमच्याकडे ‘ग’ला स्वतःचं घर आहे, इथे तो माझ्या जिवावर जगतो. तरी मान म्हणाल तर शून्य. जुने लोक लिहिताना मला खुशाल गाळायचे. वाचणारा समजून घेईल, म्हणे!

पुढे शाळा आल्या. मुलं मला विसरली की बाई लाल शाईने परत बसवायच्या. तेवढेच दिवस सुखाचे गेले.

मग संगणक आले. काही यंत्रांनी मला अक्षरासकट एकच क्रमांक दिला, काहींनी अक्षराला वेगळा आणि मला वेगळा. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ती दोन निराळी नावं वाटतात. माणसांनी केलेला घोळ, आणि निस्तरायचा कोणी?

भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी नोबुए कादोवाकी ही सत्तरीची बाई निवाऱ्यात आली. नवरा शिगेजी सापडत नव्हता. सगळ्या निवाऱ्यांच्या याद्या, घाईत नुसत्या उच्चाराप्रमाणे लिहिलेल्या, तिथल्या संगणकात होत्या. नगरपालिकेच्या मिझोहाताने नाव टाइप केलं.

“नाही, आजी.”

“नीट बघ रे.”

“तीनदा बघितलं. आता... एकदा देवळात जाऊन येता का?”

देवळात मृतदेह ठेवले होते. मी संगणकाच्या आतून जीव तोडून ओरडत होते. टेकडीवरच्या शाळेतल्या निवाऱ्याच्या यादीत शिगेजी होता, पण तिथल्या यंत्राने मला वेगळा क्रमांक दिला होता, आणि इथल्याने अक्षरासकट एकच. माझं ऐकतो कोण!

“देवळात मी नाही जायची. यादी छापून दे.”

“चौदा पानं आहेत, आजी. शाई संपत आलीय.”

“संपू दे!”

आजी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. अकराव्या पानावर बोट थांबलं. कादोवाकी शिगेजी, डावा पाय मोडलेला.

“हा काय माझा म्हातारा!” म्हणत त्या तिथेच खाली बसून रडल्या.

मिझोहाता डोकं खाजवत राहिला. “पण यंत्र तर नाही म्हणालं...”

“यंत्राला काय नवरा शोधायचा होता?”

रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने तिच्या हरवलेल्या भावाचं नाव सांगितलं, तोगाशी योशिझो. मिझोहाताची बोटं सवयीने कळांवर गेली. “नाही,” तो म्हणाला.

दारापर्यंत गेलेल्या आजी तरातरा परत आल्या आणि ती चौदा पानं त्यांनी त्या बाईच्या हातात कोंबली.

माझंही एवढंच मागणं आहे. कोणालाही देवळाकडे पाठवण्याआधी एकदा बोट ठेवून वाचा.