धुराचा अलार्म

सेमारांग शहरातल्या एका शिलाई कारखान्यात फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या ये-जा वर पहारा ठेवणारी भिंत, हा जिन्याखाली ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर युनिक्स प्रणाली चढवली होती कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एन्दांगनं. इंटरनेट रेंगाळतंय अशी ओरड झाली, तेव्हा तिनं बाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पॅकेटची नोंद चालू केली आणि पडद्यावर धावणाऱ्या ओळी बघत बसली.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतला धुराचा अलार्म धो धो पॅकेटं बाहेर पाठवत होता. धूर नसताना अलार्मला एवढं काय सांगायचं असतं? ती त्या खोलीत जाऊन स्टुलावर चढली. जाळीआड कॅमेऱ्याचं भिंग होतं.

पॅकेटं जात होती तो पत्ता तिला पाठ होता. मॅनेजर हर्तोनो अधूनमधून घरून काम करायचे, त्यांच्यासाठी त्यांच्या घरचा तो पत्ता तिनंच फायरवॉलच्या नियमांत लिहिला होता. ती स्वतः रोज त्याच खोलीत कपडे बदलायची.

तिनं पॅकेटं अडवली. अडवलेल्यांच्या ओळी मात्र उमटतच राहिल्या. घटकाभरात हर्तोनो वरच्या ऑफिसातून खाली आले.

"काय बिघडवलंस? आधी होतं तसं कर. आणि ती नोंद बंद कर."

"का, पाक?" साहेबांना तिथं पाकच म्हणत.

"कापड चोरीला जातं. लक्ष ठेवावं लागतं."

"कापड गोदामात असतं. आणि चित्रं तुमच्या घरी कशाला?"

"तुझं काम भिंत सांभाळायचं, एन्दांग. डोकावायचं नाही."

"डोकावतंय कोण?" ती म्हणाली.

ती सरळ कॅन्टीनमध्ये गेली. युनियनच्या पुढारी तुमिराबाई, सगळ्यांच्या बू तुमिरा, टेंपे-भात खात होत्या. एन्दांगनं सगळं सांगितलं. तुमिरांनी ताट सरकवलं, कमरेची कात्री चाचपली.

"चला गं," एवढंच म्हणाल्या.

चाळीसेक बायका उठल्या. अलार्म छतातून उपटून निघाला, वायर लोंबत राहिली. त्या दुपारी एकही मशीन चाललं नाही.

संध्याकाळी मालक आले. हर्तोनोंना दुसरीकडे पाठवतो म्हणाले, गोड बोलले. "घरातली गोष्ट घरातच राहू दे, मुलींनो."

"हे घर नाही, पाक," तुमिरा म्हणाल्या. "आणि आम्ही तुमच्या मुली नाही."

एन्दांगनं नोंदी पेनड्राइव्हवर उतरवल्या, अलार्म पिशवीत घातला आणि त्या सगळ्याजणी पोलीस ठाण्यात गेल्या. हवालदारानं विचारलं, "पण चित्रात नेमकं काय दिसत होतं?"

एन्दांगनं पिशवी दाणकन टेबलावर ठेवली. "तुम्ही आधी तक्रार लिहा."