दोनशेतला एक

"दादा, मॅडमना विचारून सांगतो," असं फिटर म्हणाला आणि दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या कारखान्यात, स्वतः हाताला धरून शिकवलेल्या माणसानं!

बारा वर्षांपूर्वी दादांनी एका गॅरेजमध्ये पहिला पाण्याचा पंप जोडला. तेव्हापासून प्रत्येक पंपावर ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि बेअरिंगचा आवाज ऐकत. त्यांनी मान वाकवली की फिटर उठून पंखा बंद करायचा. दिवसाला दहा पंप होते तोवर हे ठीक चाललं. मागणी दोनशेवर गेली आणि पंप त्यांच्या कानासाठी खोळंबायला लागले. म्हणून मॅनेजर बाई आणल्या. आणल्या त्याही दादांनीच. आपल्याच हातानं पायावर धोंडा, दुसरं काय!

बाईंनी तपासणीचं यंत्र बसवलं. महिन्याभरात माल वेळेवर जायला लागला आणि काही अडलं की कामगार बाईंकडे धावायला लागले. दादा तोंडदेखलं कौतुक करत आणि आतून जळत.

एका मंगळवारी यंत्रानं पास केलेल्या पंपाला त्यांनी सवयीनं स्क्रू ड्रायव्हर लावला. आत बारीक खरखर होती. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे बाईंच्या कसल्याशा बोलण्यावर फिटर खळखळून हसला. दादांनी तोंड मिटलं. जाऊ दे, एकदा कळू दे सगळ्यांना!

पंधरा दिवसांनी कळलं. तो पंप एका प्रसूतिगृहात जाम झाला होता. अर्धा दिवस तिथे पाणी नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. "यंत्र मी बसवलं, चूक माझी. नवा पंप घेऊन मीच जाते."

एवढंच ऐकायला दादा पंधरा दिवस थांबले होते. आता मात्र ते पुढे झाले.

"थांबा. तो पंप मी ऐकला होता. खरखर होती. बोललो नाही."

"का, दादा?" फिटरनं विचारलं.

न्यायचा नवा पंप टेबलावर सुरू होता. दादांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून बाईंच्या हातात दिला.

"टोक इथं धरा. मूठ कानाला. चांगल्याचा आवाज एकसारखा येतो."

बाईंनी मान वाकवली. कुणी न सांगता फिटर उठला आणि त्यानं पंखा बंद केला.