घरचा शिक्का

भाच्याने आईच्या दोन बांगड्या तराजूत खळकन टाकल्या आणि तिथेच सोनाराचं डोकं फिरलं. तीस वर्षं बहिणीच्या हातात राहिलेलं सोनं हा पोरगा भंगारासारखं हाताळत होता, आणि नजर दुसऱ्या हातातल्या मोबाइलवरून हलत नव्हती.

“कशाला विकतोस?”

“क्रिप्टोत घालतो. सोनं नुसतं कपाटात पडून असतं, मामा. हे महिन्यात दीडपट होतं.”

“आणि दीडपटीचं पाऊण कधी होतं?”

“सोन्याचं तरी काय वेगळं आहे? लोक मानतात म्हणून भाव. दोन्ही विश्वासावरच चालतं.”

सोनाराला शिसारी आली. ज्याला ना वजन ना वास, अशा हवेतल्या नाण्यासाठी आईचे हात ओकेबोके करायला निघालेलं हे कार्टं, आणि वर त्यालाच अक्कल शिकवतंय!

“आईला विचारलंस?”

“दोन दिवस नाहीच म्हणत होती. मग म्हणाली, ने बाबा, पण मामाला दाखवू नकोस. पण तुमच्याइतका भाव दुसरं कोण देणार?”

लाजली असेल बिचारी, असं सोनाराला वाटलं. त्याने बांगडी उलटी केली. आतल्या बाजूला दुकानाचा शिक्का होता. वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी स्वतः घडवलेली जोडी. घरचा शिक्का दिसला की या दुकानात कस लावायची रीत नव्हती. वजन करायचं आणि पैसे द्यायचे. गिऱ्हाइकं त्याच भरवशावर डोळे मिटून येत. पण आज या दीडशहाण्याचं तोंड बंद करायचंच होतं.

“विश्वास म्हणे! हातच्या काकणाला आरसा कशाला? आतपर्यंत सोनं आहे की नाही, बघ डोळ्यांनी.”

त्याने कातरीने बांगडी कापली.

आत तांबं होतं. वर सोन्याचं जाडसर पांघरूण, आत नुसतं लाल तांबं.

‘मामाला दाखवू नकोस’ याचा अर्थ सोनाराला आता लागला. बहिणीने कधीतरी दुसऱ्या दुकानात दाखवलं असणार, आणि बापाची अब्रू झाकायला ती तांबं घालून मिरवत राहिली. पोटच्या लेकीला हे, तर गिऱ्हाइकांना काय दिलं असेल?

“काय निघालं?” भाच्याने मोबाइलवरून मान न उचलताच विचारलं.

सोनाराने तुकडे मुठीत झाकले.

“सोनंच आहे. पुरा भाव देतो.”

“मला कुठे बघायचं होतं, मामा? तुमच्यावर विश्वास आहे.”

पैसे घेऊन भाचा गेला. सोनाराने मोरीवर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले आणि नाकाशी नेले. बोटांना तांब्याचा वास येतच होता.