दार उघडण्याचा ठेका

सुज्ञ वाचकहो, कोची शहरातील कुरिशुकडव नामक धक्क्यावर, यॉट क्लबच्या भरभराटीमुळे जे दार बंद झाले आणि एका वृद्ध कलावंताच्या चरणांनी जे पुन्हा उघडले, त्या दाराची हकीकत आता यथामती निवेदन करीत आहे. तीत कोणाचीही निंदा नाही. हसू मात्र पुष्कळ आहे.

पैली आशान हे चविट्टुनाटकाचे गुरू. या नाटकातले मुकुटधारी राजे अर्धे तोंडाने बोलतात आणि अर्धे पायाने. पाय असा आपटावा लागतो की पलीकडच्या बेटावरची कोंबडी दचकावी. "फळी बोलली पाहिजे," हे आशानांचे आयुष्यभराचे वाक्य. आणि त्यांच्या वस्तीत बोलणारी फळी एकाच ठिकाणी होती, कुरिशुकडवच्या जुन्या लाकडी धक्क्यावर. सकाळी तेथे बेटांवरच्या बायका होडीतून उतरत, दुपारी म्हातारे गळ टाकून डुलक्या घेत आणि संध्याकाळी आशानांची मंडळी तालीम करी.

कालांतराने क्लब वाढला. शहरातली मुले शीड धरायला शिकू लागली. यात वाईट काहीच नव्हते, आणि ती पांढरी शिडे पाहून आशानांनाही आनंदच होई. क्लबने जीर्ण धक्का काढून सागवानी फळ्यांचा प्रशस्त नवा धक्का बांधला, तेव्हा तेथे सर्वांचाच वावर राहील असे ठरले होते. परंतु नौका इतक्या वाढल्या की त्यांच्या दोरखंडांत लोक अडखळू लागले, आणि एके दिवशी तेथे लोखंडी दार उभे राहिले. त्या दारावर पहारेकरी नेमला गेला लोनप्पन, जो आशानांच्याच मंडळीत किल्ल्याच्या द्वारपालाचे काम करता करता म्हातारा झाला होता.

तालीम चर्चमागच्या सिमेंटच्या अंगणात सुरू झाली. सिमेंट मुके असते. पाय आपटला की आवाज जमिनीतून न येता गुडघ्यातून येई. संत सेबास्तियनचा उत्सव तोंडावर आलेला, आणि यंदाचा राजा हा आपला अखेरचा राजा, हे आशानांना गुडघ्यांनीच कळवून ठेवले होते.

"मुक्या जमिनीवर शेवटचं नाटक करण्यापेक्षा न केलेलं बरं," असे उद्गार त्यांनी काढले तेव्हा मंडळींचे चेहरे उतरले.

रविवारी नवे अंगरखे अंगावर घालून पाहण्याचे चालले होते. धक्क्यावर त्या दिवशी क्लबची शर्यत, पाहुण्यांची गर्दी. क्लबप्रमुख कमोडोर कर्तासाहेब तेथेच भेटतील म्हणून आशान विनंती करण्यास निघाले व मुकुट उतरवू लागले. तोच पत्नी रोसिली कडाडली.

"अहो माणसा, तसेच जा! लुंगीत गेलात तर मासे विकायला आलाय असं समजतील."

मग राजा निघाला आणि त्याच्या मागे मखमलीतले अख्खे सैन्यही निघाले.

दाराशी लोनप्पनने मान खाली घातली. "आशान, पास नसेल तर सोडू नको म्हणून सांगितलंय."

"एडा लोनप्पा, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो म्हणून तर वर बघत नाही!"

आशानांचा संताप तोंडाऐवजी पायांत उतरला. दाराबाहेरही सागवानी फळ्यांची एक ओळ होती. तिच्यावर चढून त्यांनी राजाच्या आगमनाचा ठेका दिला. फळी बोलली! अशी बोलली की खांबावरचे बगळे उडाले. लोनप्पनचा उजवा पाय आपोआप हलला. आशानांनी दुसरा ठेका दिला. लोनप्पनच्या पायांनी उत्तर दिले. तिसऱ्या ठेक्याला, आजवर प्रत्येक उत्सवात केले त्याप्रमाणे, त्याने गिरकी घेतली, हात कडीवर घातला, आणि दार सताड उघडून राजाला लवून मुजरा केला.

सैन्य ठेक्यात आत शिरले. संपूर्ण धक्का ढोलाप्रमाणे घुमू लागला. हा कार्यक्रमाचाच भाग समजून पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रस्त्यावरचे लोकही मागोमाग आले, आणि त्यांत रोसिलीही.

कमोडोर धावत आले. "दार कोणी उघडलं?"

"मी नाही, साहेब," लोनप्पन धापा टाकत म्हणाला. "पायांनी!"

कमोडोरांना हसू आवरेना. तरी चिंता खरीच होती. ते म्हणाले, "आशान, मला काय लोकांचं वावडं आहे? पण नौका ओढताना दोर ताणलेला असतो. मध्ये कुणी आलं तर पाय तुटेल हो!"

पायाचे नाव निघताच आशान गंभीर झाले. ते वदले, "आमच्याकडे दार मिटायचाही ठेका आहे. तो ऐकला की वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा मागं सरतं. मात्र पहिल्यांदा तो किल्ल्याच्या धन्यानंच द्यावा लागतो."

"धनी कोण?"

सर्वांनी त्यांच्याकडेच पाहिले. कमोडोरांनी बूट काढले, आणि पाय आपटला. फळी गप्प.

"साहेब, पाय आपटायचाय, झुरळ नाही मारायचं!" रोसिली ओरडली.

दुसऱ्या वेळी टोपी पडली. तिसऱ्या वेळी फळी बोलली, सारे लोक आपण होऊन दाराबाहेर सरले आणि लोनप्पनने दार मिटले. नौका सुखरूप वर आल्या. त्यानंतर लोनप्पनने दार पुन्हा उघडले, तेही कोणाला न विचारता.

तेव्हापासून दार उघडेच असते. नौका ओढायच्या वेळी लोनप्पन ठेका देतो व लोक तक्रार न करता थांबतात. उत्सवात आशानांचा अखेरचा राजा त्याच फळ्यांवर गर्जला, आणि किल्ल्याच्या धन्याचे काम कमोडोरांना दिले गेले. शत्रू चालून आला असता त्यांनी दार मिटायचे होते. पण घाबरून त्यांनी दिला उघडण्याचाच ठेका! लोनप्पनच्या पायांचे तर ठाऊकच आहे. शत्रूसैन्य थेट आत आले, नाटक वेळेआधीच संपले आणि मंडळी लवकर अप्पम व बदकाच्या रश्श्याला बसली.

"पुढच्या वर्षी साहेबांना शत्रू करा," हसून हसून मुकुट घसरलेले आशान म्हणाले. "आणि मी समोर बसून बघणार!"

येथे ही हकीकत पूर्ण होते. वाचनाचे श्रम घेतल्याबद्दल समस्त वाचकांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
सखाराम बाबाजी तोरसकर, शिंपी, कुरिशुकडव
(उपरोक्त मखमली अंगरखे याच हातचे.)